जाळ्याचा इतिहास, गाद्याचा इतिहास

समुद्रातले सस्तन प्राणी आणि आपण, असा आजचा विषय आहे. आपल्याकडे समुद्रसिंह नाही. अरबी समुद्राच्या आपल्या बाजूला तो येत नाही, त्याला लागणारा थंड पाण्याचा प्रदेश इथं नाही. तरी मी पाच-दहा मिनिटं त्याच्याबद्दल बोलणार आहे, कारण त्याच्या गोष्टीचा शेवट आपल्या अर्नाळ्याच्या आणि वसईच्या जाळ्यांपर्यंत येतो.

न्यूझीलंडचा समुद्रसिंह घ्या. हा प्राणी फक्त न्यूझीलंडच्या आसपास सापडतो, जगात दुसरीकडे कुठेही नाही. अशा प्राण्याला आपण प्रदेशनिष्ठ म्हणतो. माणूस न्यूझीलंडला पोचला तेव्हा हा प्राणी तिथल्या मुख्य बेटांच्या किनाऱ्यावर वावरत होता. माओरी लोकांनी त्याला खाण्यासाठी मारलं, आणि मुख्य भूमीवरून तो संपला. मग एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातल्या आणि अमेरिकेतल्या शिकारी जहाजांनी दक्षिणेकडच्या ऑकलंड बेटांवर उरलेले मारले, कातडीसाठी आणि तेलासाठी. १८९३ साली कायद्यानं त्याची शिकार बंद झाली. त्यानंतर शंभर वर्षांनी, १९९३ साली, ओटागो द्वीपकल्पावर एका मादीनं पिल्लू दिलं. मुख्य भूमीवर इतक्या पिढ्यांनंतर जन्मलेलं ते पहिलं पिल्लू. सगळ्यांना वाटलं, आता गोष्ट सुखान्त झाली.

पण १९९८ नंतरच्या दशकात ऑकलंड बेटांवर जन्मणाऱ्या पिल्लांची संख्या जवळजवळ निम्मी झाली. आता शिकार तर कुणी करत नव्हतं. मग झालं काय? काही पिल्लं रोगानं गेली, हे खरं. पण त्याच पाण्यात माकुळ पकडणारे ट्रॉलर चालत होते. माकुळ हे समुद्रसिंहाचंही खाणं. माकुळाच्या मागे तो जाळ्यात शिरायचा, आणि हवेसाठी वर येता आलं नाही की बुडून मरायचा. मासा पाण्यात श्वास घेतो. समुद्रसिंह आपल्यासारखा हवेत श्वास घेतो, म्हणून जाळ्यात अडकला की तो बुडतो. शेवटी तिथल्या लोकांनी जाळ्याच्या नळीत लोखंडी गजांची जाळी बसवली आणि वर एक खिडकी ठेवली. लहान माकुळ गजांमधून आत जातं, मोठा प्राणी गजांना अडून खिडकीतून बाहेर पडतो.

दुसरी गोष्ट जपानच्या समुद्रसिंहाची. तिथं इतका वेळही मिळाला नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून कातडी आणि तेलासाठी त्याची शिकार चालली. १९५१ च्या सुमारास एका बेटावर पन्नास-साठ जनावरं दिसल्याची नोंद आहे. त्यानंतर विश्वासार्ह नोंदी संपत जातात. आज तो प्राणी नामशेष मानतात.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की समुद्री प्राण्यांच्या इतिहासातले दोन काळ दिसतात. पहिला काळ शिकारीचा. त्यात माणूस प्राण्यालाच मारायला निघतो. दुसरा काळ जाळ्याचा. त्यात माणूस मासा पकडायला निघतो आणि प्राणी मधे येऊन मरतो. पहिल्या काळावर कायदा लवकर लागू पडतो, कारण मारणारा कोण हे कळतं. दुसऱ्या काळात मारायचा हेतू कुणाचाच नसतो, म्हणून कायदा नेमका कुणाला लावायचा हा प्रश्न पडतो.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. आपल्या किनाऱ्यावर पहिला काळ जवळजवळ आलाच नाही. आपण एकदम दुसऱ्या काळात शिरलो. आजच्या बोलण्यातून मला सांगायचं आहे ते एवढंच.

आपला प्राणी आहे गादा. कोकणात अनेक ठिकाणी कोळी डॉल्फिनला गादा म्हणतात. आपल्या किनाऱ्याला लागून सगळ्यात जास्त दिसतो तो वशिंडाचा डॉल्फिन. बैलाला असतं तसं त्याच्या पाठीवर लांबट उंचवटा असतो आणि त्या उंचवट्यावर छोटा पर. रंग शिशासारखा करडा. पूर्ण वाढलेला नर अडीच मीटरच्या पुढे जातो. हा प्राणी खोल समुद्रात जात नाही. वीस-पंचवीस मीटरपेक्षा उथळ पाणी, किनाऱ्यापासून थोडकं अंतर, खाड्यांची तोंडं, हे त्याचं घर. म्हणजे आपल्या दक्षिणेला वसईची खाडी आणि उत्तरेला वैतरणेची खाडी, या दोन तोंडांच्या मधलं पाणी त्याला अगदी सोयीचं आहे. तो बोई खातो, ढोमा खातो, तारली खातो. थोडक्यात, आपण खातो तेच खातो.

याच्यासोबत आणखी एक लहान प्राणी आहे, बिनपराचा पॉर्पॉइज. साधारण दीड मीटरचा, पाठीवर पर नाही, उडी मारत नाही, म्हणून सहसा कुणाला दिसतही नाही. जुन्या इंग्रजी प्राणिसूचींमध्ये त्याचं मराठी नाव भुलगा असं दिलेलं आहे. कुणीतरी मराठी माणसाकडून ते नाव ऐकलं, म्हणूनच ते तिथं आलं. म्हणजे सूची लिहिणाऱ्याच्या आधीपासून आपल्या लोकांना हे प्राणी वेगवेगळे ओळखू येत होते.

विज्ञानाला हे ओळखायला बराच वेळ लागला. वशिंडाच्या डॉल्फिनचं पहिलं शास्त्रीय वर्णन १८२९ साली फ्रेंच शास्त्रज्ञ कुव्हिए यांनी केलं. त्यासाठीचा नमुना मलबार किनाऱ्यावरून आला होता, दुस्युमिए नावाच्या एका फ्रेंच व्यापाऱ्यानं तो पाठवला होता. त्याच वर्षी कुव्हिए यांनी बिनपराच्या पॉर्पॉइजचंही वर्णन केलं, आणि नमुना केप ऑफ गुड होपहून आला असं लिहिलं गेलं. पण हा प्राणी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर राहतच नाही. नमुना बहुधा हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरचा असावा, जहाजावर किंवा संग्रहालयात चिठ्ठी बदलली गेली असावी. एका चुकीच्या चिठ्ठीमुळे आपला प्राणी कागदोपत्री परदेशी झाला. पुढे आपला वशिंडाचा डॉल्फिन चीन आणि आग्नेय आशियातल्या डॉल्फिनसोबत एकाच जातीत गणला गेला. २०१४ साली जेफरसन आणि रोझेनबॉम या संशोधकांनी हे सगळं पुन्हा तपासून हिंद महासागरातला डॉल्फिन वेगळी जात म्हणून मांडला. म्हणजे दक्षिण आफ्रिकेपासून भारतापर्यंतच्या किनाऱ्याला चिकटून राहणारा हा प्राणी हिंद महासागराचाच आहे. आणि वेगळा मोजल्यावर लक्षात आलं की तो फारसा उरलेला नाही. २०१७ साली आंतरराष्ट्रीय लाल यादीत त्याची नोंद 'धोक्यात' या वर्गात झाली.

आता थोडं जुन्या इतिहासात जाऊ, कारण आपण बसलोय तो भागच तसा आहे. वटारपासून जवळ सोपारा आहे, जुनं शूर्पारक. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी बुरुड राजाच्या कोटाचं उत्खनन केलं. त्याच वर्षी त्यांना सोपाऱ्यात अशोकाच्या शिलालेखाचा एक तुकडा मिळाला. तो आठव्या लेखाचा तुकडा होता. १९५६ साली नवव्या लेखाचा तुकडा मिळाला आपल्या शेजारच्या भुईगावात. आठव्या लेखात काय आहे? अशोक सांगतो की पूर्वीचे राजे विहारयात्रेला जायचे, तिथं शिकार आणि तशाच मौजा चालायच्या. आपण मात्र राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर संबोधीला गेलो, आणि तेव्हापासून धर्मयात्रा सुरू केली. शिकार सोडल्याची ही राजाची जाहीर कबुली इसवी सनाच्या आधी तिसऱ्या शतकात आपल्या बंदरात दगडावर कोरलेली होती.

अशोकाचा आणखी एक लेख आहे, पाचवा स्तंभलेख. तो इथला नाही, उत्तर भारतातल्या स्तंभांवर आहे. त्यात न मारायच्या प्राण्यांची यादी आहे, आणि त्या यादीत 'गंगापुपुटक' नावाचा एक प्राणी येतो. बरेच अभ्यासक तो गंगेतला डॉल्फिन मानतात. त्याच लेखात असंही म्हटलंय की चातुर्मासाच्या पौर्णिमांना, तिष्य नक्षत्राच्या पौर्णिमेला आणि उपोसथाच्या दिवशी मासे मारायचे नाहीत आणि विकायचे नाहीत. म्हणजे मासेमारीला तिथीची बंदी. आपण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या बंद ठेवतो आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून दर्यात जातो. हे त्या बंदीचंच पुढचं रूप आहे असं मी म्हणणार नाही, तसा पुरावा नाही. पण मासेमारीवर बंधन घालायची कल्पना या देशाला नवी नाही, इतकं नक्की म्हणता येतं. आणि त्या जुन्या यादीत नदीतला प्राणी आहे, समुद्रातला नाही, हेही लक्षात ठेवा. समुद्रातला गादा राजाच्या नजरेत कधी आला नाही. तो कोळ्याच्या नजरेत होता.

मग कोळी त्याला मारत का नव्हते? इथं मांसासाठी किंवा तेलासाठी गाद्याची मोठी शिकार उभी राहिल्याची नोंद मला इतिहासात सापडत नाही. आणि त्या काळची जाळीही वेगळी होती. आपल्या भागाची ओळख म्हणजे डोल. समुद्रात खुंट रोवायचे किंवा दोर बांधायचे, त्यांच्यामध्ये पिशवीसारखं जाळं लावायचं, त्याचं तोंड प्रवाहाकडे. भरती-ओहोटीच्या जोरावर बोंबील, जवळा, मांदेली आपोआप आत येतात आणि शेवटच्या टोकाला, ज्याला खोला म्हणतात, तिथं साठतात. या जागांना कवी म्हणतात. कुणाची कव कुठं, यावरून वसई-उत्तनचे आणि पालघर-डहाणूचे मच्छीमार आजही भांडतात. डोल एका जागी बसते आणि तिची वेळ भरतीशी बांधलेली असते. ती पूर्णपणे निर्धोक होती असं नाही, लहान भुलगा तिच्यात येऊ शकतो. पण तिची जागा ठरलेली, संख्या ठरलेली, आणि ताग-सुताचं जाळं पाण्यात लवकर कुजायचं.

स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन दशकांत हे सगळं बदललं. होड्यांना इंजिनं आली. १९६० च्या दशकात नायलॉन पसरलं. नायलॉनचं जाळं कुजत नाही, बारीक असतं आणि पाण्यात दिसत नाही. पापलेट-सुरमईसाठी भिंतीसारखी तरती जाळी रात्रभर पाण्यात सोडता येऊ लागली. डॉल्फिन आवाजाच्या प्रतिध्वनीवर जग ओळखतो, पण नायलॉनच्या बारीक दोऱ्याचा प्रतिध्वनी फार कमी येतो. तो जाळ्याला धडकतो, अडकतो आणि काही मिनिटांत संपतो. जगभर लहान डॉल्फिन आणि पॉर्पॉइज यांना सगळ्यात मोठा धोका कशाचा, असं संशोधकांना विचारलं तर उत्तर हेच येतं: तरंगणाऱ्या किंवा तळाला लावलेल्या या भिंतीच्या जाळ्यांचा.

आता गाद्याचं आयुष्य कसं असतं ते बघा. मादीचा गर्भकाळ जवळजवळ वर्षभराचा. एका वेळी एकच पिल्लू. दोन पिल्लांमध्ये साधारण तीन वर्षं. मग पन्नास गाद्यांच्या कळपात वर्षाला किती पिल्लं येतील याचा तुम्हीच हिशोब करा. त्यातली दोन-तीन मोठी जनावरं दरवर्षी जाळ्यात गेली तर वाढ तिथंच थांबते. बोंबील एका हंगामात भरून येतो, गादा येत नाही.

हे प्रकरण किती टोकाला जाऊ शकतं याचं जगातलं सगळ्यात वाईट उदाहरण मेक्सिकोत आहे. कॅलिफोर्नियाच्या आखातात व्हाकिटा नावाचा छोटा पॉर्पॉइज राहतो. विज्ञानानं त्याची नोंद केली १९५८ साली. तो प्रदेशनिष्ठ आहे, त्या एका आखाताबाहेर कुठं नाही. त्याला कुणी कधी शिकार म्हणून मारलं नाही. तिथले लोक टोटोआबा नावाचा मोठा मासा पकडण्यासाठी जाळी लावत होते, कारण त्या माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीला चीनमध्ये प्रचंड भाव आहे. त्या जाळ्यांत व्हाकिटा मरत गेला. आज त्याची संख्या दहाच्या आसपास सांगतात.

हे मी दूरच्या देशाचं म्हणून सांगत नाहीये. टोटोआबा हा आपल्या घोळीच्या कुळातला मासा आहे. घोळीच्या पोटातल्या त्याच पिशवीला, आपल्याकडच्या बोताला, सोन्याचा भाव येतो. २०२१ च्या ऑगस्टमध्ये पालघर तालुक्यातल्या मुरब्याच्या एका होडीला १५७ घोळी मिळाल्या आणि त्यांचे १ कोटी ३३ लाखांच्या आसपास पैसे झाले. सगळ्या वर्तमानपत्रांनी ती बातमी आनंदानं छापली, आणि मच्छीमाराच्या दृष्टीनं तो आनंद खराच आहे. माझं म्हणणं एवढंच की ज्या किमतीपायी मेक्सिकोत व्हाकिटा संपत आला, तशीच किंमत आपल्याही समुद्रात फिरते आहे.

आता कायद्याकडे वळू. १९७२ साली आपला वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्याच वर्षी अमेरिकेतही समुद्री सस्तन प्राण्यांसाठी वेगळा कायदा झाला. आपला गादा आज पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे कायद्यानं वाघाच्या रांगेत. पण कायदा लिहिताना डोळ्यापुढे बंदूक घेतलेला शिकारी होता. रात्री जाळं टाकून सकाळी ते ओढणारा, आणि त्यात मेलेला गादा पाहून घाबरणारा मच्छीमार कुणाच्या डोळ्यापुढे नव्हता. त्याचा परिणाम काय झाला? मेलेला प्राणी गुपचूप पाण्यात सोडून द्यायचा. सांगितलं तर गुन्हा आपल्याच अंगावर येईल ही भीती. भीतीमुळे नोंद होत नाही, आणि नोंद नाही म्हणून संख्या कळत नाही. पन्नास वर्षांत आपल्याकडे सगळ्यात मोठी उणीव राहिली ती माहितीची.

काही प्रयत्न झाले. सिंधुदुर्गात १९८७ साली मालवण सागरी अभयारण्य झालं, २९ चौरस किलोमीटरच्या आसपास. पुढे संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या सिंधुदुर्ग प्रकल्पात कोकण किनाऱ्यावरच्या डॉल्फिन आणि पॉर्पॉइजचा अभ्यास झाला. होडीतून पाहणी, पाठीच्या परांचे फोटो काढून एकेक गादा ओळखणं, आणि मच्छीमारांशी सविस्तर बोलणं, असं ते काम होतं. २०१६ साली अमेरिकेनं नियम काढला की तिकडे मासळी विकणाऱ्या देशांनी समुद्री सस्तन प्राण्यांच्या जाळ्यातल्या मृत्यूंवर काय करता ते दाखवावं. त्यानंतर आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं देशभर या प्राण्यांच्या मोजणीचं काम हाती घेतलं. म्हणजे गाद्याची गणना करायला आपल्याला कोळंबीच्या निर्यातीचं निमित्त लागलं. असो, निमित्त कुठलंही असो, गणना झाली पाहिजे.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो डिसेंबर २०१८ चा निर्णय. राज्याच्या कांदळवन कक्षानं योजना आणली की जाळ्यात आलेला संरक्षित प्राणी मच्छीमारानं जाळं कापून सोडला तर जाळ्याच्या नुकसानीपोटी जास्तीत जास्त २५,००० रुपये मिळतील. इथं पहिल्यांदा सरकारनं मान्य केलं की प्राणी वाचवण्याचा खर्च कुणीतरी करतो, आणि तो खर्च आजवर कोळी एकटाच करत होता. या योजनेमुळे कासवं सुटली, व्हेल शार्क सुटले. पण गाद्याला ती पुरेशी पडत नाही. कासव बराच वेळ श्वास रोखू शकतं. व्हेल शार्क हा मासाच आहे, तो कल्ल्यांनी श्वास घेतो. रात्रीच्या जाळ्यातला गादा मात्र सकाळी जाळं ओढायच्या आधीच मेलेला असतो. कापून सोडायला तो जिवंतच नसतो. त्यामुळे गाद्यासाठी जाळ्यात येण्याआधीचा उपाय हवा.

तसे उपाय जगात आहेत. ज्या न्यूझीलंडमध्ये समुद्रसिंहासाठी खिडकी केली, तिथंच हेक्टरचा डॉल्फिन नावाचा प्रदेशनिष्ठ डॉल्फिन आहे. १९८८ साली बँक्स द्वीपकल्पाभोवती त्यांनी अभयारण्य करून भिंतीच्या जाळ्यांवर निर्बंध आणले. पुढे वीसेक वर्षांच्या फोटोंच्या नोंदींवरून दिसलं की तिथल्या डॉल्फिनचं जगण्याचं प्रमाण सुधारलं. काही देशांत जाळ्याला आवाज करणारी छोटी यंत्रं लावतात, पॉर्पॉइज त्यांच्यापासून दूर राहतो. आपल्याकडे खाडीच्या तोंडाशी ठराविक महिन्यांत रात्रीची भिंतीची जाळी टाळायची, एवढा एक नियमसुद्धा कोळ्यांच्या सोसायट्यांनी मिळून ठरवला तर फरक पडेल. पण तो ठरवायचा त्यांनी. बाहेरून लादलेला नियम समुद्रात टिकत नाही. २०१६ च्या पर्ससीनच्या निर्बंधांचं आणि २०१७ च्या एलईडी दिव्यांच्या बंदीचं काय झालं, हे कुठल्याही लहान मच्छीमाराला विचारा.

कुणी म्हणेल, एवढी मोठी बंदरं येतायत, तिथं गाद्याचं काय घेऊन बसलात? वाढवण बंदराची पायाभरणी २०२४ च्या ऑगस्टमध्ये झाली. डहाणूपासून खाली मच्छीमारांचा विरोध किती आहे ते तुम्हाला माहीत आहे. माझ्या मते गाद्याचा आणि मच्छीमाराचा प्रश्न इथं एकच होतो. दोघांनाही उथळ पाणी, खाडीची तोंडं आणि बोई-ढोमा लागतो. गादा कुठं आहे आणि किती आहे याच्या नोंदी आपल्याकडे असतील, तर किनाऱ्याचा कुठलाही निर्णय होताना त्या टेबलावर ठेवता येतील. नसतील तर 'इथं काही नव्हतंच' असं कुणीही लिहून टाकेल.

२०२० च्या टाळेबंदीत मुंबईजवळ डॉल्फिन दिसल्याचे व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर फिरले. लोक म्हणाले, निसर्ग परत आला. कोळी हसले. गादा कधी गेलाच नव्हता, आपण त्या बाजूला पाहत नव्हतो.

तेव्हा जाता जाता तीन कामं सांगतो. राजोडी, कळंब, अर्नाळा, कुठंही किनाऱ्यावर गादा किंवा भुलगा लागलेला दिसला तर फोटो काढा, तारीख आणि जागा लिहा, आणि वनविभागाला कळवा. जिवंत असेल तर त्याच्या डोक्यावरच्या नाकपुडीत पाणी जाऊ देऊ नका, अंग ओल्या कपड्यानं झाका, शेपटीला धरून ओढू नका. आणि तिसरं, घरात कुणी म्हातारा मच्छीमार असेल तर त्याला विचारा, त्याच्या तरुणपणी गादे कुठल्या महिन्यात, कुठल्या कवीजवळ दिसायचे. ते लिहून ठेवा. १८८२ साली सोपाऱ्यातला दगड कुणीतरी उचलून वाचला, म्हणून आठवा लेख आपल्या बंदरातही होता हे आपल्याला कळलं. म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यातली ही माहिती दगडावर कोरलेली नाही, ती आपल्यालाच वेळेत उतरवून घ्यावी लागेल.

आता तुमचे प्रश्न घेतो. मच्छीमार मंडळी कुणी आली असतील तर आधी त्यांनी बोलावं.